सप्तमीचे ऊन

माघ शुद्ध सप्तमी उजाडली. आज अंगणात रांगोळीने सात घोड्यांचा रथ उमटेल, गोवरीच्या विस्तवावर बोळक्यातले दूध उतू जाईल आणि संक्रांतीपासून घरोघरी चाललेली बोरन्हाणे आवरतील. बोरे-चुरमुरे डोक्यावर झेलणारी ती लेकरे आपण जणू सूर्याच्याच ओटीत घालतो. पण उद्यापासून ती पुन्हा काचेआड वाढतात आणि ड जीवनसत्त्व घडवणारे किरण काच ओलांडत नाहीत. २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या १८ टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या २४ टक्के मुलांमध्ये या जीवनसत्त्वाची उणीव आढळली. उन्हाने न्हाणाऱ्या देशातला हा आकडा मनाला लागतो. आजीच्या कोवळ्या उन्हाची ऊब खरी. मात्र त्वचेत हे जीवनसत्त्व बनते ते मुख्यतः अकरा ते तीनच्या उन्हात.

उणीव खोल गेली की हाडे मऊ पडतात, पाय धनुष्यासारखे वाकतात. हाच मुडदूस. मग रक्ततपासणीचा कागद हाती येतो आणि ड जीवनसत्त्व २०च्या वर की १२च्या खाली, एवढ्यावरच आपली नजर खिळते. शेजारच्या ओळीही मुलाबद्दलच बोलत असतात. रक्ताचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या वाटेवर ठेवण्यासाठी फुप्फुसे आणि मूत्रपिंडे अहोरात्र राबतात. मूत्रपिंडांना आम्ल बाहेर टाकता आले नाही तर रक्तातले बायकार्बोनेट घटते, हाडांतले क्षार झिजतात, आणि ड जीवनसत्त्व पुरेसे असूनही पाय वाकतात, उंची खुंटते. अशा मुलाला नुसते ड जीवनसत्त्वाचे थेंब पाजत राहिलो, तर त्याच्या वाढीचे मोलाचे महिने आपल्या हातून निसटतात. उलट, सुईला भिऊन हमसून रडणारे मूल भराभर श्वास टाकते, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि सामू तेवढ्यापुरता चढतो. तो आकडा आजाराचा नव्हे, रडण्याचा असतो. म्हणून कागद वाचायचा तो बालरोगतज्ज्ञांनी, मूल समोर बसवून.

आज पूजा आटोपली की दुपारी थोडा वेळ लेकरांना घेऊन गच्चीवर खेळू या. तान्ह्या बाळाचे रोजचे ४०० एककांचे थेंब वर्षभर चुकवू नयेत. आणि औषध चालू असूनही पाय सरळ होत नसतील, तर बायकार्बोनेट तपासले का, एवढे डॉक्टरांना जरूर विचारावे.