जुन्या चिपचा भाव

संगणक दहा-बारा वर्षांचा झाला म्हणजे घरांत त्याच्याविषयीं दोन पक्ष पडतात. मुलांना नवें यंत्र हवें असतें. वडील मंडळींचें म्हणणें, चालतें आहे तोंवर चालूं द्यावें. दोहोंच्या मधला एक मार्ग आहे: त्याच मदरबोर्डावर जुनीच, पण अधिक समर्थ चिप बसविणें. मार्ग स्वस्त खरा. मात्र बाजाराची रीत ठाऊक नसेल तर खिसा हलका होतो.

समजा, यंत्र २०११ सालचें, इंटेलच्या ११५५ सॉकेटाचें आहे व त्यांत दोन गाभ्यांची कोअर आय३-२१०० आहे. दुकानदारास विचारावें तर तो तत्काळ आय७-३७७० चें नांव घेतो. २०१२ सालची ही चार गाभ्यांची चिप उत्तमच आहे, पण वयाच्या मानानें तिचा भाव फार. कारण उघड आहे. अशा बोर्डांचे सारे मालक अखेरीस याच नांवापाशीं येतात, आणि नवा माल आतां निघावयाचा नाहीं.

तिचीच सख्खी बहीण, सर्व्हरांकरितां काढलेली झीऑन ई३-१२३० व्ही२, जुन्या बाजारांत पुष्कळदां कमी दामांत मिळते. तिलाही चार गाभे व आठ थ्रेड. घरगुती गिऱ्हाइकास तिचें नांव ठाऊक नाहीं, एवढाच काय तो तिचा दोष! मात्र तिच्या पोटांत चित्र दाखविण्याची सोय नाहीं. निराळें ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडदा काळाच राहील. या मालिकेंत १२४५ व्ही२ प्रमाणें क्रमांकाचा शेवटचा अंक ५ असला म्हणजे ती सोय असते.

खरेदीपूर्वीं बोर्डाच्या कंपनीनें दिलेली मान्य चिपांची यादी अवश्य पाहावी. २०११ चे बोर्ड बहुधा बायॉस सुधारल्याखेरीज २०१२ ची चिप ओळखत नाहींत, आणि हें काम जुनी चिप जागेवर असतांनाच उरकावें लागतें. ती आधींच विकून मोकळे होणारे महाभाग कमी नाहींत. ११५६ सॉकेटाची चिप दिसावयास अगदीं तशीच, पण येथें बसत नाहीं. पाठीवर ‘कॉन्फिडेन्शियल’ हा शब्द कोरलेला असेल तर तो चांचणीचा नमुना समजावा. कितीही स्वस्त असो, घेऊं नये.

मुंबईस लॅमिंग्टन रोडवर जाणाऱ्यानें सुट्या चिपबरोबर कचेऱ्यांतून निघालेल्या सबंध यंत्रांचाही भाव विचारावा. दोन्हींत फारसें अंतर नसेल तर यंत्रच घ्यावें. त्यांत चिप चालत असलेली डोळ्यांनीं पाहावयास मिळते. आणि घरच्या संगणकांत अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर पहिला रुपया चिपवर नव्हे, एसएसडीवर खर्चावा.

एक गोष्ट मात्र कोणतीही चिप बदलून साधणार नाहीं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, व विंडोज ११ ला या पिढीच्या चिपा मान्य नाहींत. ज्या यंत्रावर आजोबांच्या पेन्शनचे व बँकेचे व्यवहार होतात, त्यावर लिनक्स बसवावें, नाहींतर ते व्यवहार तरी तेथून हलवावे.