राज्यशास्त्र उरलेल्यांसाठी का?

दहावीनंतर हुशार मूल विज्ञानाकडे जाते आणि राज्यशास्त्र उरलेल्यांच्या वाट्याला येते. शाळेतही ते इतिहासाच्या पुस्तकाला जोडूनच भेटते. ही वाटणी आम्हांस मान्य नाही. आणि आमचे म्हणणे या विषयाच्या जन्मकथेवरच उभे आहे.

राज्याविषयीचे चिंतन फार जुने. लोकांनी निवडलेल्या 'महासंमत' राजाची अग्गञ्ञसुत्तातील कथा आपणा सर्वांस परिचित आहे. परंतु स्वतंत्र विद्याशाखा म्हणून राज्यशास्त्राला दीडशे वर्षेही झालेली नाहीत. जॉन बर्जेस यांनी १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबियात राज्यशास्त्राचे विद्यालय स्थापन केले. १८८६ मध्ये तेथून त्रैमासिक निघू लागले. राज्य उभारण्याची बुद्धी मुख्यतः जर्मनवंशीय राष्ट्रांनाच लाभली आहे, असे बर्जेस मानीत. गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना मताधिकार देणे त्यांना चूक वाटे. नव्या शास्त्राच्या पायातच उच्चनीचतेचा दगड होता!

बर्जेस १९१२ मध्ये निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी त्याच विद्याशाखेत बाबासाहेबांनी प्रवेश घेतला. योगायोगच, पण आम्हांस तो मोलाचा वाटतो. त्या शाखेत तेव्हा अर्थशास्त्र, इतिहास व समाजशास्त्र एकत्र नांदत होते. सेलिग्मन यांच्या हाताखाली बाबासाहेब सार्वजनिक वित्त शिकले आणि मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. कर कोण गोळा करतो व कोण खर्च करतो, आणि विवाहाच्या बंधनांतून जात कशी टिकते, हे दोन्ही प्रश्न सत्तेचेच. ज्यांच्यावर राज्य केले गेले, त्यांच्यातील एकाने ते विचारले.

पुढे हे शास्त्र मतदान आणि आकडेवारीकडे वळले. भारतात रजनी कोठारी यांनी १९७० मध्ये जात व राजकारण यांवरील ग्रंथ संपादित केला. आमच्या वर्गांत मात्र अजून पाठांतरच चालते. मुलाला कलम १७ तोंडपाठ असते. आपल्या ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प त्याने कधी पाहिलेला नसतो.

संविधानाचा मसुदा सिद्ध केल्यानंतरही, १९५६ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय काढले. आपल्या वसतिगृहातील एखाद्या हुशार मुलीने हाच विषय मागितला, तर 'एवढे गुण असताना हे कशाला?' असे तिला विचारू नये, एवढीच पालकांस विनंती.