हिरवी पाने आणि चीजचा पापड

हॉटेलात 'ग्रीन सॅलड' मागविले तर ताटलीत काकडी, कांदा, टोमॅटो आणि बीटच्या चकत्या येतात. त्यात हिरवे काय, तर कडेला ठेवलेली मिरची! इटलीत मात्र हिरवे सॅलड म्हणजे नुसती पाने, तेल, व्हिनेगर आणि मीठ. हे साहेबी प्रकरण आहे असे कुणी समजू नये. विदर्भ-मराठवाड्यात कोवळ्या मेथीला तेल-मीठ लावून घोळाणा करतात, तो याचाच भाऊ.

इटलीच्या ईशान्येला, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियाच्या सीमेला लागून फ्रिऊली नावाचा प्रदेश आहे. तिथे चीजचा कुरकुरीत पापड करतात. त्याला 'फ्रिको' म्हणतात. त्या डोंगराळ भागात माँटासिओ हे गाईच्या दुधाचे चीज होते. ते करताना उरलेले तुकडे, कातरण वाया जाऊ नये म्हणून गरिबांच्या घरी ते तव्यावर भाजून खात. आमची आई दुधाच्या पातेल्याची खरवड काढून आम्हा भावंडांना वाटून देई, त्याची आठवण झाली.

पहिल्या वेळी आमची चांगलीच फजिती झाली. घरात होत्या त्या चीजच्या चौकोनी चकत्या तव्यावर टाकल्या, त्या वितळून चिकटून बसल्या. तवा अर्थातच आम्हालाच घासावा लागला. प्रोसेस्ड चीजमध्ये स्निग्धांश आणि पाणी एकजीव राहावे म्हणून खास क्षार घातलेले असतात. त्यामुळे त्याला तूप सुटत नाही व पापड होत नाही. म्हणून पार्मेझान किंवा जुने मुरलेले चेडार घ्यावे. महाग असते हे खरे, पण चौघांना ५० ग्रॅम पुरते.

चीज किसून घ्यावे. नॉनस्टिक तव्यावर मध्यम आचेवर दोन चमचे कीस पुरीएवढा पातळ पसरावा. तेल नको, मीठही नको. कीस वितळतो, मग त्याला बुडबुडे येतात. बुडबुडे कमी होऊन कडा सोनेरी झाल्या की उलटावा आणि थोड्या वेळाने काढावा. काढताना तो मऊच असतो, गार झाल्यावर कुरकुरीत होतो. करपला तर कडू लागतो.

लेट्यूसची पाने सुटी करून दोन-तीन पाण्यांतून धुवावीत आणि स्वच्छ पंचात गुंडाळून अगदी कोरडी करावीत. ओल्या पानाला तेल धरत नाही. एक चमचा व्हिनेगरमध्ये मीठ विरघळवून त्यात तीन चमचे तेल फेटावे. ऑलिव्हचे नसेल तर शेंगदाण्याचे चालते, लिंबूही चालते. पाने हातानेच हलकी घोळावीत.

खरी अडचण पुढेच आहे. मीठ लागले की पाने पाणी सोडतात आणि थोड्याच वेळात लोळागोळा होतात. आमच्या घरी आम्ही आणि मुले आधी जेवत असू, पत्नी पोळ्या आटोपून शेवटी बसे. पहिल्या दिवशी आम्ही कुरकुरीत खाऊन वाहवा केली, तिच्या वाट्याला ओली पाने आणि पापडाचा चुरा आला. "यात एवढे काय आहे?" असे तिने विचारले, तेव्हा आम्हाला उत्तर सुचले नाही. घरोघरी असेच होते, आणि ते बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही.

आता सॅलडच्या दिवशी पोळ्या आधीच डब्यात असतात. ती हात पुसून ताटावर बसली, की मगच आम्ही पानांवर तेल-व्हिनेगर ओततो.