नाफ्था जनतेचा की मक्तेदारांचा?

पेट्रोकेमिकल कारखाने म्हणजे प्रगती आणि त्यांना जाब विचारणारा शेतकरी म्हणजे प्रगतीचा वैरी, असा डांगोरा भांडवलदारी वृत्तपत्रे वर्षानुवर्षे पिटीत आली आहेत. तो किती पोकळ आहे ते कुंभकोणमजवळच्या कदिरामंगलम गावाने दाखवून दिले. ३० जून २०१७ रोजी तेथील भातशेतीतून जाणारी ओएनजीसीची तेलवाहिनी फुटली व कच्चे तेल शेतात पसरले. जाब विचारणाऱ्या गावकऱ्यांना उत्तर मिळाले ते पोलिसांच्या लाठ्यांचे आणि तुरुंगाचे.

वैर तेलाशी नाही, त्यातून निघणाऱ्या नाफ्थाशी तर नाहीच. कच्चे तेल तापविले असता सुमारे ३० ते २०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उकळणारा हा हलका, रंगहीन, चटकन पेट घेणारा भाग वेगळा होतो. वाफेबरोबर ८०० अंशांच्या वर तापविला की त्याचे रेणू फुटून एथिलीन, प्रॉपिलीन, ब्युटाडाईन मिळतात. त्यांपासून पाण्याचे पाइप, दोर, कृत्रिम रबर बनते. चेन्नईजवळ मणली येथील सरकारी मद्रास फर्टिलायझर्सचा कारखाना २०१९ मध्ये नैसर्गिक वायूवर जाईपर्यंत नाफ्थापासूनच युरिया बनवीत होता. शेतकऱ्याच्या खाचरात पडणारे खत याच द्रवातून आलेले! मग शेतकरी विज्ञानाचा शत्रू कसा?

खरा प्रश्न मालकीचा आहे. १९६९ साली जनतेच्या पैशातून आयपीसीएल ही सरकारी कंपनी उभी राहिली. बडोद्याला तिचा नाफ्था फोडणारा प्रचंड कारखाना आला. २००२ साली वाजपेयी सरकारने ती रिलायन्सच्या हवाली केली. जोखीम जनतेची, नफा मक्तेदाराचा!

कावेरीच्या मुखाशीही तोच डाव मांडला जात होता. जुलै २०१७ मध्ये, कदिरामंगलमचा संताप ताजा असतानाच, तामिळनाडू सरकारने कडलूर व नागपट्टिनम जिल्ह्यांतील ४५ गावे पेट्रोकेमिकल विभागासाठी जाहीर केली. जनतेच्या विरोधापुढे फेब्रुवारी २०२० मध्ये त्याला माघार घ्यावी लागली. त्याच महिन्यात त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषिक्षेत्र ठरविणारा कायदा संमत झाला. मात्र या कायद्याने बंदी घातली ती नव्या तेलविहिरींना. अगोदरपासून चालू असलेले प्रकल्प चालूच राहिले. त्यांच्या शेजारी लावणीला वाकणाऱ्या भूमिहीन मजुराचा रोजगार उद्या तेल सांडून बुडाला, तर त्याची भरपाई कोणी द्यायची, याबद्दल कायदा मूग गिळून बसला आहे.