एक पाटा वाढवा!

नाशिक जिल्ह्यात नवी पिकअप घेणारा माणूस गाडी आधी देवळापुढे उभी करतो, नारळ फोडतो आणि मग तिला पाटेवाल्याकडे नेतो. तिथे जो संवाद घडतो तो इतका ठरीव आहे की त्याला विधीचेच स्वरूप आले आहे. “शेठ, एक पाटा वाढवून टाका, गाडी दणकट होईल.” शेठ मान डोलावतात. दोन्ही बाजूंना एकेक पाटा चढतो, यू-बोल्ट आवळले जातात, गाडीचा मागचा भाग चार बोटे उचलला जातो आणि सगळे समाधानाने चहा पितात. माझ्या मावसभावाच्या गाडीच्या वेळी या विधीला मीही हजर होतो. गाडीत काय भरणार, ती कुठल्या रस्त्याने जाणार, परतताना रिकामी येणार की कुणाला घेऊन येणार, यांपैकी एकही प्रश्न तिथे विचारला गेला नाही. मीही विचारला नाही.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हे वाक्य चुकीचे आहे. त्यातले ‘दणकट’ हे विशेषण त्याहून चुकीचे आहे. आणि या चुकीची किंमत जो मोजतो तो हे वाक्य उच्चारणाऱ्यांतही नसतो आणि ऐकणाऱ्यांतही नसतो.

मराठीच्या अध्यापकाने गाडीच्या पाट्यांवर का लिहावे, असा प्रश्न काही मित्रांना पडेल. त्यांना एवढेच सांगतो की ज्या शहराच्या सातपूर वसाहतीत महिंद्राचा कारखाना आहे, २००२ साली जिथून स्कॉर्पिओ बाहेर पडली आणि ज्याच्या चहूबाजूंच्या तालुक्यांचे सारे अर्थकारण पिकअपच्या हौद्यातून वाहते, त्या शहरातल्या लिहित्या माणसांनी पिकअपविषयी काहीच न बोलणे हे आपल्या वाङ्मयीन सोवळेपणाचे लक्षण आहे. शिवाय विशेषण चुकले की काय होते, हे सांगणे आमच्या व्यवसायातच बसते.

आधी पाटा म्हणजे काय ते पाहू. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या या कमानीकडे दोन कामे असतात. पहिले, ओझे पेलणे. दुसरे, चाक जमिनीला धरून राहील एवढे त्याला खाली-वर होऊ देणे. पहिल्या कामाला ताठपणा लागतो, दुसऱ्याला लवचीकपणा; आणि पाट्यांची निवड म्हणजे या दोहोंमधला तोल. तिसरे काम, म्हणजे एकदा हललेली कमान पुन्हापुन्हा हलत राहू नये म्हणून तिला आवरणे, हे शॉकॲब्सॉर्बरचे, गॅरेजच्या भाषेतल्या ‘शॉकअप’चे. शॉकअप ओझे पेलत नाही. तो फक्त हालचाल जिरवतो. पाटा वाढला आणि शॉकअप जुनाच राहिला, तर कमानीचा उसळण्याचा जोर वाढतो आणि तिला आवरणारा हात तेवढाच राहतो. म्हणजे पाटा वाढवून आपण पहिले काम वाढवतो, दुसरे मारतो आणि तिसऱ्याची आठवणही ठेवत नाही. याला गाडी दणकट होणे म्हणायचे असेल, तर सांधे आखडलेल्या माणसालाही पैलवान म्हणावे लागेल.

या विशेषणाचे भक्त दोन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार हौशी मंडळींचा. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ साली आली, टोयोटाची हायलक्स २०२२ साली आली आणि पिकअप ही शहरी मिरवण्याचीही वस्तू झाली. तिच्यासाठी ऑस्ट्रेलियन बनावटीचे सस्पेन्शनचे संच मिळतात. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. ते विचारपूर्वक केलेले असतात. मागचे पाटे गाडीवर कायम किती किलो ओझे राहणार यानुसार वेगवेगळे असतात आणि शॉकअप त्यांच्याशी जुळवलेले असतात. पोलादी बंपर, विंच, पाण्याची टाकी, जादा इंधन असे सगळे लादून वाळवंटात आठवडाभर हिंडणाऱ्याचा विचार त्यामागे असतो. आपला हौशी काय करतो? तो त्यातला सर्वांत जड ओझ्याचा पाटा निवडतो, कारण तो सर्वांत महाग आणि सर्वांत उंच; आणि रिकाम्या हौद्याने पावसाळ्यात इगतपुरीला धबधबे पाहायला जातो. खाचखळग्यांत उपयोगी पडतो तो चाकाचा खाली-वर होण्याचा पल्ला, नुसती उंची नव्हे. रिकाम्या गाडीखालचा जड पाटा दबतही नाही आणि फारसा सुटतही नाही. खड्ड्यावरून जाताना चाक हवेत लोंबकळते. वर गाडीचा गुरुत्वमध्य उंचावल्याने वळणावर ती कलंडण्याचा धोका वाढतो, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात, प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. पण हा सारा स्वतःच्या खर्चाने केलेला, बव्हंशी स्वतःलाच भोवणारा अविचार आहे. त्यावर विनोद करता येतो. संताप करावा एवढी त्याची योग्यता नाही.

संतापाचा विषय दुसरा प्रकार आहे, कारण तो पोटाशी निगडित आहे. निफाड, दिंडोरी, चांदवडकडची पिकअप एका हंगामात लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात कांदा नेते, दुसऱ्या हंगामात टोमॅटोचे क्रेट आणि द्राक्षे. कांदा जड, द्राक्ष नाजूक. पाटा मात्र एकच, आणि तो निवडला जातो कांद्यासाठी. कांद्याच्या अतिरिक्त भारासाठी ताठ केलेली कमान द्राक्षाच्या हलक्या भाराखाली जवळजवळ वाकतच नाही. रस्त्याचा प्रत्येक हादरा थेट क्रेटमध्ये जातो, आणि वरच्या थरातल्या क्रेटना तो सर्वांत जास्त बसतो. घड दबतात, मणी सुटतात. बागाईतदार छाटणीपासून काढणीपर्यंत मण्यामण्याला जपतो आणि शेवटच्या पंचवीस किलोमीटरांत तो मणी आपल्याच निवडलेल्या पाट्याने फोडतो. मग दोष व्यापाऱ्याला देतो.

याहून गंभीर गोष्ट ब्रेकची आहे. ओझे वाहणाऱ्या अनेक गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारी एक झडप असते. चॅसिस आणि मागचा ॲक्सल यांच्यातले अंतर एका दांडीने मोजून ती झडप चालते: गाडी भरली, चॅसिस खाली आली, अंतर घटले की मागच्या चाकांना ब्रेकचा दाब अधिक मिळतो. आता पाटा वाढवा. गाडी काठोकाठ भरली तरी चॅसिस खाली येत नाही. झडपेला वाटते, गाडी रिकामीच आहे. ती मागच्या चाकांना रिकाम्या गाडीपुरताच दाब देते, आणि सारे ओझे मागे असताना थांबवण्याचे काम पुढची चाके करू लागतात. कसारा घाटात किंवा पेठच्या वाटेवरच्या सावळघाटात उतारावर हे घडते तेव्हा चालक म्हणतो, ब्रेक लागले नाहीत. ब्रेक लागले होते; पाट्याने त्यांना खोटे सांगितले होते. भरलेली गाडी भरलेली दिसू नये, म्हणजे पोलिसाच्या नजरेत येऊ नये, हाही पाटा वाढवण्यामागचा एक हेतू असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पोलिस फसतो की नाही ते सांगता येत नाही. ब्रेक मात्र नक्की फसतो.

इथे नेहमीचा प्रतिवाद येतो: “सर, तुम्ही पगारदार माणसे. रस्ते पाहिलेत का? आणि कांद्याला भाव किती मिळतो ते पाहिलेत का? दोन खेपांचे डिझेल कोण देणार?” या प्रतिवादातला दुसरा भाग खरा आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. ज्याच्या मालाचा भाव दुसरा कुणी ठरवतो, त्याच्या हातात वाहतुकीचा खर्च एवढीच कापण्याजोगी बाब उरते. पण पहिल्या भागाचे काय? रस्ता वाईट म्हणून पाटा वाढवायचा, पाटा वाढला म्हणून ओझे वाढवायचे, आणि ओझे वाढले की रस्ता आणखी वाईट होतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर मुद्दाम भारित गाड्या चालवून ज्या चाचण्या घेतल्या गेल्या, त्यांतून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याची हानी ॲक्सलवरील भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दीडपट, तर हानी सुमारे पाचपट. भार दुप्पट, तर हानी सोळापट. मोठ्या मालमोटारींच्या तुलनेत पिकअपचा वाटा लहान, हे मान्य. पण गावाकडचा पातळ डांबराचा रस्ता मोठ्या मालमोटारींसाठी बांधलेलाच नसतो, आणि त्यावर दिवसातून पन्नास वेळा जाते ती पिकअपच. ताठ कमानीवरची गाडी त्याच भाराने रस्त्याला अधिक जोरात आदळते, ही आणखी भर. तेव्हा रस्त्याची तक्रार करणाऱ्याने ती जरूर करावी, पण आपल्या गाडीखाली एकदा वाकून पाहून करावी.

कायदाही मुका नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार नियमांत न बसणाऱ्या प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि अतिरिक्त भारासाठी वीस हजार रुपये व वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. परंतु दंडाच्या भीतीने सुधारणारे आपण नव्हे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

आता मूळ मुद्दा. द्राक्षाच्या हंगामात पेठ, सुरगाणा, हरसूलकडून मजूर दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला येतात. त्यांच्यातले कितीतरी जण पिकअपच्या हौद्यात बसून येतात. माणसांची वाहतूक त्या हौद्यातून करू नये, हा नियम आहे. ती होते, हे वास्तव आहे. वीस माणसांचे वजन मिळून फार तर टनभर भरते. दोन-अडीच टन कांद्यासाठी ताठ केलेल्या कमानीला ते वजन जाणवतही नाही. म्हणजे ज्या वेळी हौद्यात माणूस असतो नेमक्या त्याच वेळी ही गाडी सर्वांत निर्दय असते. मागच्या ॲक्सलच्या वर, पत्र्यावर, टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या बाईच्या मणक्यात प्रत्येक खड्डा जसाच्या तसा पोहोचतो. पाटेवाल्याच्या दुकानात तिला कुणी विचारलेले नसते. शेठ केबिनमध्ये गादीवर बसलेला असतो. पुढच्या चाकांची स्प्रिंग कुणी बदललेली नसते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये ओबदाया इलियट नावाच्या कारागिराने घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले, ते बसणाऱ्या माणसाला हादरे बसू नयेत म्हणून. दोनशे वर्षांनंतर आपण त्या युक्तीचा उपयोग माणसाला विसरण्यासाठी करावा, याला प्रगती म्हणता येत नाही.

मग निवड कशी करावी? उपदेशाचा आरोप पत्करून सांगतो. पाटेवाल्याकडे जाण्याआधी वजनकाट्यावर जावे. नेहमीच्या भाराने गाडी भरून पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा मोजावा. आकडा मर्यादेबाहेर असेल तर औषध पाटा नव्हे. औषध मोठी गाडी किंवा दुसरी खेप. एकट्या बोलेरो मॅक्स पिकअपच्या श्रेणीतच १.३ टनांपासून २ टनांपर्यंत भार वाहणारी मॉडेले आहेत; ती निवड गाडी घेतानाच करायची असते. आकडा मर्यादेत असूनही मागचा भाग फार बसत असेल तर पाटे थकलेले आहेत. ते कंपनीच्या मापाचेच बदलावेत आणि शॉकअप, बुशही सोबत पाहावेत. भार हंगामानुसार फार बदलत असेल तर मुख्य कमानीपासून अंतर राखून बसवलेला, जड भार आल्यावरच टेकणारा मदतीचा पाटा मूळ रचनेत आहे का, हे आधी विचारावे. तो हलक्या भाराच्या वेळी गप्प बसतो. पाट्याला हात लागला की ब्रेकची झडप तपासून घ्यावी. आणि या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारावा: हौद्यात कोण बसणार आहे?

हा शेवटचा प्रश्न विचारायचा तर ‘दणकट’ हा शब्द बाजूला ठेवावा लागेल. महापुरात कोण वाचते, झाड की लव्हाळे, हे तुकोबांनी आपल्याला सांगून चार शतके होत आली. कीर्तनात माना डोलावून आपण बाहेर येतो आणि गाडीखाली पुन्हा झाडच ठोकतो. कमानीची थोरवी वाकण्यात आहे, न वाकण्यात नाही. न वाकणारी कमान ही कमान नसून नुसती पहार आहे.

मावसभावाने मागच्या महिन्यात तो जादा पाटा काढून टाकला. माझ्या सांगण्यावरून नव्हे. द्राक्षाच्या तीन खेपांत किती मणी सुटले, ते त्याने स्वतः मोजले होते. मणी मोजता येतात, त्यांची किंमत होते. हौद्यातल्या माणसांचे मणके कुणी मोजत नाही, म्हणून हे लिहावे लागले.