भांडाराच्या कुंपणालगतची माती

अकोला-अमरावतीकडून नागपूरला निघालेली गाडी धामणगाव मागे टाकून वर्धा नदी ओलांडते आणि पुलगाव येते. देशातील सर्वांत मोठे केंद्रीय दारूगोळा भांडार येथे आहे. सीमेवरील जवानाचे बळ वऱ्हाडच्या उंबरठ्यावर सांभाळले जाते, ही अभिमानाची गोष्ट होय. मात्र अभिमानासोबत उत्तरदायित्वही येते.

३१ मे २०१६ च्या पहाटे या भांडारात आग भडकली. दोन सेनाधिकाऱ्यांसह सोळाहून अधिक जणांना वीरमरण आले; त्यांत बहुसंख्य अग्निशामक दलाचे होते. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगाव (आबाजी) परिसरात जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जण दगावले. त्यांत पोटासाठी राबणारे कंत्राटी मजूरही होते. दोन्ही वेळी शोक झाला, चौकशा झाल्या. परंतु ज्या मातीत हा दारूगोळा वर्षानुवर्षे नष्ट केला जातो, त्या मातीचे काय, हा प्रश्न मागेच राहिला.

टीएनटी आणि आरडीएक्स ही स्फोटके विषारी आहेत. आरडीएक्स तर पावसाच्या पाण्याबरोबर सहज खोल झिरपते. अमेरिकेत केप कॉड येथील लष्करी सराव क्षेत्राखालच्या भूजलात ते आढळले आणि १९९७ मध्ये तेथील गोळीबार थांबवावा लागला. त्या देशाने लष्करी जागांच्या शुद्धीसाठी १९८६ सालीच कायद्याने स्वतंत्र कार्यक्रम आखला होता. पुलगावच्या आसपासचे पाणी दूषित आहे, असे तपासणीवाचून म्हणता येणार नाही. शुद्ध आहे, असेही म्हणता येणार नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. प्रदूषण करणाऱ्यानेच शुद्धीचा खर्च सोसावा, हे त्यांचे सूत्र आहे. येथे ती जबाबदारी संरक्षण खात्याकडेच जाते. म्हणूनच दारूगोळा नष्ट करण्याच्या प्रत्येक कामाच्या खर्चातच माती-पाण्याच्या तपासणीची तरतूद हवी आणि जुन्या जागांसाठी स्वतंत्र निधी हवा.

आधी तोफा, मग माती, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु आज विहिरीचे पाणी तपासण्यास लागणारा पैसा, उद्या भूजल शुद्ध करण्यास लागणाऱ्या पैशापुढे नगण्य आहे. गोपनीयतेची सबबही टिकणारी नाही. साठा गुप्त असावा. विहिरीचे पाणी गुप्त असण्याचे कारण नाही.

सैन्याला हे काम परकेही नाही. प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण तुकडीने १९८२ पासून मसुरीच्या खाणींनी उजाड केलेल्या टेकड्या पुन्हा हिरव्या केल्या. इतरांनी बिघडवलेली भूमी ज्यांनी सावरली, त्यांना स्वतःच्या अंगणासाठी निधी मागण्यात संकोच कसला? वर्धा आणि अमरावतीच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी संसदेत मांडावी. ज्या भूमीसाठी जवान प्राण देतो, ती कुंपणालगतच्या शेतातही निर्विष राहिली पाहिजे.