मामंजींची फियाट आणि भरवशाचा मिस्त्री

मैत्रिणींनो, पितळेची घागर घेताना आपण काय करतो? आधी टिचकी मारून आवाज ऐकतो, काठ नि सांधे पाहतो, समोर वजन करून घेतो आणि मगच भावाचं बोलतो. आम्हा भंडाऱ्याच्या बायकांना हे शिकवावं लागत नाही. पितळी भांड्यांचंच हे गाव! पण मोटारीचं काम निघालं की "मला त्यातलं काय कळतं?" म्हणून आपण मोकळ्या होतो. मीही तेच केलं आणि पस्तावले.

आमच्याकडे मामंजींची १९७० सालची फियाट ११०० डिलाइट आहे, मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. मामंजी गेले, पण सासूबाई दर दसऱ्याला तिला हार घालतात. तिचं इंजिन निळा धूर सोडायला लागलं, तेव्हा आमच्या ह्यांनी ओळखीच्या एका गॅरेजात गाडी टाकली. ना लेखी अंदाज, ना पावती. चार महिन्यांनी "सगळं नवं घातलं" म्हणून गाडी घरी आली, नि महिन्याभरात पुन्हा तोच धूर! वर सल्ला काय, तर "हे इंजिन भंगारात द्या, दुसरं बसवा." सासूबाईंचे डोळे भरून आले.

आम्ही ऐकलं नाही, तेच बरं झालं. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या खासगी गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होऊ शकते. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत.

मग मी पदर खोचला. तुमच्याही घरी अशी जुनी गाडी असेल, तर एवढं जरूर करा:

१. जाहिरात पाहून जाऊ नका. इंजिनकाम होऊन दोनेक वर्षं झालेल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना विचारा. आजच काम झालेली गाडी गोडच चालते.

२. इंजिन उघडण्याआधी कॉम्प्रेशन तपासायला सांगा. दाब कमी भरला, तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा पाहतात. दाब वाढला तर बहुधा रिंगा नि बोअर झिजलेले. नाही वाढला तर व्हॉल्व्हकडे पाहायचं.

३. गॅरेजवाला इंजिन खोलतो नि बांधतो, पण बोअरिंग नि क्रँक-ग्राइंडिंग पुष्कळदा दुसऱ्याच वर्कशॉपात होतं. ते कुठलं, हे विचारा आणि एकदा जाऊन पाहा. मापं कागदावर मागा.

४. मजुरी, यंत्रावरचं काम नि सुटे भाग यांचा अंदाज वेगवेगळा लिहून घ्या. भागांची बिलं मागा. काढलेले जुने पिस्टन, रिंगा, बेअरिंग परत हवेत, हे आधीच बजावा.

५. गाडी सोडण्यापूर्वी इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून त्याचा फोटो काढा.

आणि एक प्रश्न विचाराच: "आधी बोअर करणार की आधी पिस्टन आणणार?" चांगला कारागीर बोअर मोजतो, त्या अंदाजानं मोठ्या मापाचे पिस्टन आणतो, आणि ते हातात आल्यावर त्यांच्या मापानं बोअर करतो. अंगाचं माप न घेता कुणी ब्लाउज बेततं का?

आम्ही साठेक किलोमीटरवरच्या नागपूरला गेलो. मिस्त्री सगळं ह्यांनाच सांगत होते. मी हा प्रश्न टाकला, तशी माझ्याकडे वळून म्हणाले, "पिस्टन आधी, वहिनी. त्याशिवाय मी यंत्र लावतच नाही." तिथंच गाडी सोडली. जुने चारही पिस्टन गोणपाटात बांधून परत मिळाले, एकावर तडा होता!

काम झालं म्हणजे संपलं नाही. पहिले काही शे किलोमीटर गाडी दामटू नका, चढावर ताणू नका, नि ५०० किलोमीटरला ऑइल बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्यानं खराब होतात. म्हणून त्याला चालतील अशा नळ्या त्याच वेळी घालून घ्या.

यंदा दसऱ्याला सासूबाई पुढच्या सीटवर बसून पवनीला जाऊन आल्या. घरी उतरल्यावर आधी मागं जाऊन वाकून पाहिलं, नि म्हणाल्या, "धूर नाही गं!"